दोन माठांचे मास्तर

परळला भोईवाड्याच्या नाक्याजवळ मिशनची शाळा होती. शाळेच्या मागं दोन खोल्यांचं बैठं घर होतं. त्या घराच्या ओसरीवर लाल फडकं बांधलेला एक माठ असे, आणि आत, चुलीशेजारी, दुसरा. ओसरीवरच्या माठाला मास्तर जन्मात कधी हात लावत नसत. तो भरायचा शेजारच्या चाळीतल्या सखूबाईनं. तिचा नवरा गिरणीत साचे चालवी. ती सकाळी आपली घागर भरून झाली की मास्तरांचा तो माठ भरून, वर ताटली झाकून जाई. दोन्ही माठांतलं पाणी एकाच म्युनिसिपालिटीच्या नळाचं. फरक हाताचा तेवढा. बाहेरच्याला सखूबाईचा हात, आतल्याला मास्तरांचा.

मास्तर ख्रिस्ती होते. नुसते ख्रिस्ती नव्हेत, मिशनचे उपदेशक होते. शाळेत शास्त्र शिकवणं आणि संध्याकाळी नाक्यावर उभं राहून येशूची गोष्ट सांगणं, हे त्यांचं काम. त्या काळी ख्रिस्ती माणसाच्या घरचं पाणी प्यालं की माणूस बाटला, हे ठरलेलं होतं. मग त्याचा येशूवर विश्वास आहे की नाही, हे विचारायला कोणी थांबत नसे. म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी तो दुसरा माठ. "माझ्या घरी कुणी तहानेनं ख्रिस्ती होता कामा नये," असं ते म्हणत. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलं, की पुढं पुढं ते सुरू झालं की मी छत्री उचलत असे.

मी त्याच शाळेत गणित शिकवीत होतो. राहायला गिरगावात. येताना घोड्याच्या ट्रामनं येई आणि घरी गेल्यावर आई मला मागल्या दारी आंघोळ करायला लावी. मिशनचा पगार मात्र तिला आंघोळीशिवाय चाले. मास्तरांच्या ओसरीवर बसून मी सखूबाईच्या माठातलं पाणी बिनदिक्कत पीत असे. मास्तरांचा धर्म मला कधी पटला नाही. माझा मला किती पटला होता, हे तपासायची वेळही कधी आली नाही.

ख्रिस्ती व्हायला आलेल्या माणसाला मिशनमध्ये 'शोधक' म्हणत. मास्तरांकडं शोधक आला की ते त्याला आधी ओसरीवर बसवून पाणी प्यायला लावत आणि मग विचारत, "कुणावर रागावून आलास?" बहुतेक जण कुणावर ना कुणावर रागावलेले असतच. एकदा दादरकडचा एक पोरसवदा कारकून पत्र्याची पेटी घेऊन थेट दारात येऊन बसला. बापानं त्याची हार्मोनियम विकली होती. "आता मी त्या घरचं नावसुद्धा घेणार नाही, मला बाप्तिस्मा द्या," म्हणाला. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रागाला देव लागत नाही रे. वेगळी खोली पुरते." आणि पेटी स्वतः उचलून ते त्याला दादरला त्याच्या बापाच्या स्वाधीन करून आले. बापानं दारात उभं राहून त्यांनाच शिव्या दिल्या, पोराला फितवलं म्हणून. मास्तरांनी त्या शांतपणे ऐकून घेतल्या. परत आल्यावर मला म्हणाले, "आवाज चांगला आहे हो बापाचा. पोरगा गाणारा निघाला यात नवल नाही."

नाक्यावरच्या उपदेशातही त्यांच्या तऱ्हा होत्या. देवळात कीर्तन लागलं की ते आपला उपदेश मध्येच थांबवत आणि कठड्याला टेकून कीर्तन ऐकत. मानही हलवत. हिंदू देवांची उणीदुणी काढायची, हा तेव्हाच्या उपदेशाचा अर्धा भाग असे. तो अर्धा भाग मास्तर गाळूनच टाकत. "मारुतीची थट्टा करायला हिंदू समर्थ आहेत. त्यासाठी मिशनचा माणूस कशाला?" एवढं सगळं करून त्यांच्या हातून ख्रिस्ती झालेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी निघाली असती. पण जे झाले ते पक्के झाले, हे मीही कबूल करतो.

जुना साहेब होता तोवर हे खपून गेलं. तो म्हातारा हिवतापाच्या पुड्या वाटी, धर्माबद्दल चकार शब्द काढत नसे, आणि लोक विचारतील तेव्हा सांगू, या बेतानं सारा जन्म बसून राहिला. तो विलायतेला परत गेला आणि नवा साहेब आला. तरणाबांड, लाल तोंडाचा, मनानं अगदी साफ. त्याला वाईट म्हणणं माझ्या जिवावर येईल. पण त्याला घाई होती. तो नाक्यावर पितळी कर्णा वाजवून माणसं गोळा करी आणि उपदेश झाला की सगळ्यांना एका किटलीतला चहा देऊ करी. चहा प्यालेल्याला परतीची वाट उरत नाही, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं, आणि ही युक्ती त्याला फार पसंत पडली होती.

पहिल्याच आठवड्यात त्याची नजर माठांवर गेली.

"हे काय आहे? ही तर जातिभेदाची पूजा आहे," तो म्हणाला. साहेबाचं मराठी पुस्तकातलं होतं, पण स्पष्ट होतं.

"पूजा नाही साहेब, सोय आहे," मास्तर म्हणाले.

"आपल्या प्रभूने शोमरोनी स्त्रीशी विहिरीवर भाषण केले. त्याने दोन माठ ठेविले नाहीत."

"ती परजातीची बाई. तिच्याकडं त्यानं स्वतः पाणी मागितलं, साहेब. फसवून तिला पाजलं नाही."

मला वाटतं, त्याच दिवशी मास्तर त्याच्या मनातून उतरले.

पुढं जे झालं त्याला कारण ते लाल फडकं. चांगुणा नावाची कोळीण माझगावच्या कोळीवाड्यातून मासळीची पाटी घेऊन परळपर्यंत येई. मास्तर तिचं ठरलेलं गिऱ्हाईक. बोंबील घेताना घासाघीस करत नाही म्हणून ती त्यांना वेडं समजे, आणि तसं तोंडावर सांगे. वैशाखातली दुपार होती. त्या दिवशी सकाळी ओसरीवरच्या माठाला तडा गेलेला सखूबाईला दिसला. तिनं तो मागं नेऊन पालथा घातला आणि फडकं धुऊन आतल्या खोलीच्या दारावर वाळत टाकलं. चांगुणा उन्हातून आली ती डोळ्यांपुढं अंधारी येतच. ओसरीवर माठ नाही. आतल्या दाराला लाल फडकं आहे. सखूबाईनं आज गार राहावा म्हणून माठ आत ठेवलाय, अशी तिची समजूत झाली. ती आत गेली आणि लोटा भरून घटाघटा पाणी पिऊ लागली.

तेवढ्यात मास्तर आणि मी शाळेतून येऊन दारात पोचलो. मास्तर जिवाच्या आकांतानं ओरडले, "अगं अगं, तो नव्हे! तो माझा!"

ते ओरडले नसते तर कुणाला काही कळतंच ना. पण गल्लीत तिच्याबरोबरच्या दोघी कोळणी पाट्या टेकून उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. चांगुणेच्या हातातला लोटा खाली पडला. तिनं पाटी उचलली आणि ती निघून गेली. मास्तर कितीतरी वेळ त्या सांडलेल्या पाण्याकडं बघत उभे होते. मला त्यांचा राग आला. इतका नेमस्त माणूस, आणि नको तेव्हा तोंड उघडलं.

दोन दिवसांनी सखूबाईनं बातमी आणली. "मास्तर, त्या चांगुणेला सासूनं दाराबाहेर काडली. पोरं आत ठिवून घेतली. बंदरावर पालथ्या होडीखाली बसून आहे बाई. घोव दर्यावर गेलाय, त्याला तर म्हाईतपण नाय. उद्या सांजच्याला पंच बसणार हायत."

बातमी साहेबालाही लागली होती. तो उठला तोच टोपी घालून. त्याचे डोळे खरोखर आनंदानं भरून आले होते. "देवाने तिला आपल्या विहिरीपाशी आणिले आहे! तिला आपल्या स्त्रियांच्या आश्रमात घ्या. रविवारी बाप्तिस्मा देऊ."

"ती पाण्याला आली होती साहेब, देवाला नाही," मास्तर म्हणाले. "आणि तिची पोरं?"

"पोरांसाठी प्रार्थना करू."

साहेब आणि मिशनमधली एक बाई बंदरावर जाऊनही आले. चांगुणेनं त्यांना एकच विचारलं, "मंग माजी पोरां मना देतील?" साहेब पुन्हा प्रार्थनेचंच बोलला. ती होडीखालून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तर माझगावला निघाले. मी बरोबर गेलो. का गेलो, मला सांगता येणार नाही. वाटेत ते एकदाच बोलले, आणि ते एकदाच बोललेलं मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलं.

"मी शाळेत होतो तेव्हा जुन्या साहेबाच्या बंगल्यावर पुस्तक परत द्यायला गेलो होतो. उन्हाचा. त्याच्या गड्यानं पेलाभर पाणी दिलं, मी प्यालो. बास. येशू कोण, काय, काही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी घरी गेलो तर आई ओट्यावर उभी होती. कुणीतरी आधीच येऊन सांगून गेलेलं. ती रडत होती, पण आत ये म्हणाली नाही." मग जरा थांबून म्हणाले, "विश्वास नंतर आला. तो आला हे खरं आहे. चुकीच्या दारानं गेलो तरी देवानं घरात घेतलं. पण माझ्या वेळी बोलायला कुणी गेलं नाही हो."

कोळीवाड्यात जाळी वाळत होती, त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत पंच बसले होते. वाडीतली निम्मी घरं फिरंग्यांच्या काळापासून ख्रिस्ती. त्यांच्या बापजाद्यांच्या विहिरीत पाव टाकला होता म्हणतात. शेजार सारखा, दर्या सारखा, पण जेवणाला आणि सोयरिकीला दोन वाड्या. म्हणजे पाण्यानं काय होतं ते या लोकांना शिकवायची गरज नव्हती. चांगुणा एका बाजूला बसली होती. मिशनच्या उपदेशकाला आलेलं बघून तिनं कपाळावर हात मारून घेतला. उरलीसुरली आशाही गेली, असं तिला वाटलं असणार.

पाटील म्हातारा होता, भला होता. त्यानं तिला विचारलं, "कशाला पियालीस गो?"

"मना तान लागली व्हती."

एवढंच. मग पाटील मास्तरांकडं वळला. त्याला प्रकरण मिटवायचं होतं, ते त्याच्या सुरावरूनच कळत होतं. "मास्तर, त्यो माठ त्या सखूबायचाच आसंल नं? तुमी चुकून वरडलाव आसाल. येवडं बोला, न् आमी उठतो."

सगळे मास्तरांकडं बघू लागले. चांगुणाही. हो म्हणायला काय जात होतं? मी मनातल्या मनात त्यांच्या वतीनं दहादा हो म्हणालो.

"नाही पाटील. माठ माझाच होता. पाणी माझ्या हातचं," मास्तर म्हणाले.

चांगुणा मोठ्यानं रडायला लागली. मला मास्तरांना धरून हलवावंसं वाटलं.

"पण ती ख्रिस्ती झालेली नाही," मास्तर पुढं म्हणाले. "मी लोकांना ख्रिस्ती करणारा माणूस. ते कसं होतं ते मला ठाऊक आहे. पाण्यानं माणूस ख्रिस्ती होत नाही."

पाटलानं मान तिरकी केली. "आसं कसं? तुमच्यान मानूस किरिस्ताव व्हतो तो पान्यानंच नं? पादरी वततो नं पानी? मंग डोक्यावर वतलं काय, न् पोटान गेलं काय!"

पंच हसले. ख्रिस्ती वाडीतले लोक लांबून बघत होते, तेही हसले. मी खाली बघितलं.

मग मास्तर उठून पाटलाच्या पुढ्यात गेले, उकिडवे बसले आणि ओंजळ पुढं केली.

"पाटील, मला पाणी द्या. तुमच्या घरचं."

पाटील गोंधळला. पण मागितलेल्या पाण्याला नाही म्हणायची त्या वाडीत रीत नव्हती. त्याच्या सुनेनं लोटा आणला आणि वरून धार धरली. मास्तर ओंजळीनं प्याले, पोटभर प्याले. तोंड पुसून उभे राहिले आणि म्हणाले, "आता मला जातीत घ्या. माझ्यासाठी पोरगी बघा. पुढच्या नारळीपुनवेला होडीत मलाही बसवा."

"तसं कसं व्हईल?" पाटील म्हणाला.

"का? तुमच्या घरचं पाणी पोटात गेलं ना माझ्या?"

पाटलानं मास्तरांकडं बघितलं. मग त्याच्या खांद्यांना हिसके बसू लागले, आणि तो पोट धरून हसत सुटला. पंचही हसले, पण आताचं हसणं निराळं होतं. रिवाज म्हणून चांगुणेनं दर्यात आंघोळ करावी आणि एकवीरेला नारळ द्यावा असं ठरलं. ती पंचांपुढून उठली ती सरळ घराकडं पळाली. तिच्या पोराचं ओरडणं आम्हाला तिथपर्यंत ऐकू आलं. मास्तरांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. एवढंच.

पण त्या सभेत ख्रिस्ती वाडीतलेही लोक उभे होते. त्यामुळं गोष्ट मिशनपर्यंत जायला वेळ लागला नाही. साहेबानं मास्तरांना बोलावलं. मीही शाळेतला साक्षीदार म्हणून होतो.

"मूर्तिपूजकांच्या पंचांपुढे तुम्ही त्यांचे पाणी प्यालात काय?"

"प्यालो."

"मला जातीत घ्या, असे म्हणालात काय?"

"म्हणालो."

साहेबाचा आवाज दुखावलेला होता. "मग तुम्ही त्यांच्यात गेलात."

मास्तरांना हसू आवरेना. "साहेब, पाटलाला जे एका ओंजळीत समजलं ते तुम्हाला अजून समजलं नाही."

त्यांची नोकरी गेली आणि शाळेमागचं घरही. पाण्यानं मास्तर बाटले, असा निवाडा झाला, आणि तो ख्रिस्ती लोकांनी केला. सखूबाईनं चाळीच्या मालकाशी भांडून त्यांना जिन्याखालची खोली मिळवून दिली. तिथंही दोन माठ गेले, फडक्यासकट; एक चाळीच्या ओसरीवर, एक आत. नाक्यावर उभं राहायचा हक्क आता मिशनचा, म्हणून मास्तर देवळाच्या अलीकडं, सोनाराच्या दुकानाच्या फळीवर बसून गोष्ट सांगत. रविवारी देवळात, म्हणजे त्यांच्या देवळात, शेवटच्या बाकावर बसत. साहेब त्यांच्याकडं बघत नसे. चांगुणा मासळी घेऊन येतच होती. ती ओसरीवर बसे, बाहेरच्या माठातलं पाणी पिई, आणि आता पुन्हा घासाघीस करत नाही म्हणून मास्तरांना वेडं म्हणे.

मग प्लेग आला. भोईवाडा ओस पडला. घरांवर खुणा मारल्या, कौलं काढली, सरकारी माणसं दारोदार फिरू लागली. सखूबाई नवऱ्यासकट कोकणात निघून गेली. जाताना बाहेरचा माठ भरून गेली होती, पण तो किती दिवस पुरणार? मी आईला आणि घरच्यांना गावी पाठवलं. शाळा बंदच होती. एका दुपारी मास्तरांची चौकशी करावी म्हणून परळला गेलो.

चाळीत चिटपाखरू नव्हतं. खोलीचं दार उघडं होतं. मास्तर अंथरुणावर होते, तापानं लाल झालेले. त्यांच्या पायाशी चांगुणा बसली होती. ओसरीवरचा माठ उन्हात कोरडा पडला होता.

"पाणी," मास्तर म्हणाले.

ती उठली, आतल्या माठातून लोटा भरून आणला आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन त्यांना पाजलं. दोनच घोट त्यांच्या घशाखाली उतरले. डोळे उघडून त्यांनी तिला ओळखलं.

"चांगुणे, हात धू गं," ते म्हणाले. "तो माठ माझा आहे."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. आणि लोट्यात उरलेलं पाणी तिनं लोटा तोंडाला लावून पिऊन टाकलं.

मास्तर तिच्याकडं बघत राहिले. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मी सांगू शकत नाही. मी तेव्हा बाहेर ओसरीवर गेलो आणि रडलो. सांजेच्या आत ते गेले. साहेब स्वतः आला, त्याला प्लेगाचं भय नव्हतं, हे त्याच्या नावे लिहायला हवं. शिवडीच्या कबरस्तानात त्यानंच माती दिली आणि त्यानंच प्रार्थना म्हटली. ती म्हणताना तो अडखळला. चांगुणा फाटकाबाहेर पाटीवर बसून होती.

परत येताना मी तिच्याबरोबर माझगावच्या वाटेपर्यंत चाललो. माझ्यानं राहवेना. मी विचारलं, "चांगुणे, पाटलाला कळलं तर?"

"कलंल. मीच सांगीन."

"मग पंच विचारतील, कशाला प्यालीस म्हणून."

तिनं डोक्यावरची चुंबळ सारखी केली आणि पाटी उचलली.

"मना तान लागली व्हती."